गाडीचा भाव आधी, हप्त्याचं बोलणं नंतर

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत अलीकडे एक विषय वरचेवर निघतो. माल आपला, कष्ट आपले आणि भाड्याचे पैसे दुसऱ्याला का द्यायचे? तासगावचा बेदाणा असो, वाईची हळद असो, कोरेगावचा घेवडा असो की आटपाडी-माणची डाळिंबं असोत, बाजारात पोचवायला गाडी लागतेच. २००५ साली टाटाची एस गाडी आली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून गावोगाव माहीत झाली. आता महिंद्रा, अशोक लेलँड, मारुती अशा बऱ्याच कंपन्यांच्या छोट्या मालवाहू गाड्या मिळतात. गाडी कोणती घ्यायची ते तुमच्या मालावर आणि रस्त्यावर ठरेल. या पाठात फक्त सौदा आणि कर्ज एवढंच बघू.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. आकडा दोघांनाच कळायचा, बाजूला उभ्या असलेल्याला काही दिसायचं नाही. शोरूममध्येही असाच एक रुमाल असतो, त्याचं नाव हप्ता. तुम्ही खुर्चीवर बसलात की पहिला प्रश्न येतो, “ताई, महिन्याला किती झेपेल?” या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. तुम्ही अकरा हजार म्हणालात, तर सगळं गणित अकरा हजारात बसवून देतात. गाडीची किंमत, व्याज, विमा, वरचं सामान सगळं त्या एका आकड्याखाली झाकलं जातं. हप्ता बसत नसेल तर वर्षं वाढवली जातात.

म्हणून म्हणायचं, “हप्त्याचं नंतर बघू. आधी गाडीचा भाव कागदावर लिहून द्या.”

कोटेशनमध्ये एकच मोठा ‘ऑन रोड’ आकडा चालवून घेऊ नका. एक्स-शोरूम किंमत, विमा, मोटार वाहन कर, नोंदणी फी, हौदा, वरचं सामान, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत मागा. कर आणि सरकारी फी यात कोणी सूट देऊ शकत नाही, तिथे घासाघीस करून उपयोग नाही. बाकी ठिकाणी वाव असतो. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दर काढा आणि तो कागद समोर ठेवा. ‘हँडलिंग’ नावाखाली काही रक्कम लावली असेल तर ती कशाची ते विचारा, आणि काढायला सांगा. सीट कव्हर, मॅट, टेप ‘फुकट’ देतो म्हणाले तर त्याऐवजी तेवढी रोख सूट मागा. ताडपत्री मात्र मागून घ्या, ती लागतेच.

कोटेशन एकाच ठिकाणचं नको. साताऱ्यात घ्या, कराडला घ्या, सांगलीतही घ्या. त्याच कंपनीच्या त्याच गाडीला दोन डीलर वेगवेगळी सूट देऊ शकतात. महिनाअखेर आणि मार्चअखेर विक्रीचा आकडा पूर्ण करायची घाई त्यांना असते, तुम्हाला नसते. डिसेंबर-जानेवारीत गाडी घेत असाल तर ती कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. आरसी बुकात ते नोंदलं जातं आणि उद्या गाडी विकायला काढली की घेणारा आधी तेच वर्ष बघतो. मागच्या वर्षीची गाडी असेल तर सूट जास्तच हवी.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. कोणी त्याआधीचं जुनं दरपत्रक पुढे केलं तर नवं मागा.

आता कर्जाकडे वळू. इथे आपल्या बायका कच्च्या नाहीत, उलट गटाचं रजिस्टर लिहिणारीला हे चटकन कळेल. आपल्या गटात कर्जाचा हप्ता फेडला की पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या शिलकीवर धरतो. बँकही असंच करते. पण गाडीचं कर्ज देणाऱ्या काही फायनान्स कंपन्या ‘फ्लॅट’ दर सांगतात. म्हणजे निम्मं कर्ज फिटलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच.

समजा ५ लाखांचं कर्ज आहे, ४ वर्षांसाठी. एकजण म्हणतो फ्लॅट ८ टक्के, बँक म्हणते शिलकीवर ११ टक्के. स्वस्त कोण? फ्लॅट ८ टक्क्यांनी व्याज होतं १,६०,००० आणि हप्ता १३,७५०. बँकेच्या ११ टक्क्यांनी हप्ता १२,९२३ आणि एकूण व्याज सुमारे १,२०,३००. म्हणजे ‘आठ टक्के’ हे ‘अकरा टक्क्यां’पेक्षा जवळजवळ ४० हजारांनी महाग पडलं. शिलकीच्या हिशेबात तो फ्लॅट ८ टक्के सव्वाचौदाच्या वर जातो.

वर्षं वाढवली तर? तेच ५ लाख, तेच ११ टक्के, पण ५ वर्षं. हप्ता १०,८७१ वर येतो, हलकं वाटतं. पण व्याज सुमारे ३२ हजारांनी वाढतं.

तोंडी दरावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जाआधी मुख्य तथ्य विवरण द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही त्यात वाचा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही.

बँकेत जाल तेव्हा मुद्रा कर्जाचं विचारा. १० लाखांपर्यंत वेगळं तारण लागत नाही, घेतलेली गाडीच बँकेकडे तारण राहते.

आता जरा अवघड बोलते. कर्ज बाईच्या नावावर लवकर मिळतं, म्हणून घरातले म्हणतात, “तू फक्त सही कर.” गाडी दुसऱ्याच्या नावावर, किल्ली दुसऱ्याकडे, भाड्याचे पैसे दुसऱ्याच्या खिशात आणि हप्ता थकला की वसुलीवाला तिच्या दारात. तिचं सिबिल बिघडतं आणि गटाच्या पुढच्या कर्जाच्या वेळी बँक तिच्याकडे बोट दाखवते. कर्ज तुमच्या नावावर असेल तर आरसी बुकही तुमच्याच नावावर हवं आणि भाडं तुमच्याच खात्यात यायला हवं. जामीनदार म्हणून सही करतानाही हाच विचार करा. गाडी स्वतः चालवायची असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी त्यावर चालवता येते, असा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे.

सही करण्याआधी फेऱ्या मोजा. समजा हप्ता १२,९२३, चालकाचा पगार १२,००० आणि विमा, टायर, दुरुस्तीसाठी दरमहा ४,००० बाजूला. झाले २८,९२३. डिझेल आणि टोल जाऊन एका फेरीला ७०० रुपये उरत असतील, तर महिन्याला ४२ फेऱ्या हव्यात. द्राक्षाच्या हंगामात त्या होतील. पण जुलै-ऑगस्टमध्ये काय भरणार? शेजारच्या गटाचा माल, दूध, किराणा, काही ठरलंय का? नसेल तर हंगामाप्रमाणे हप्ते बांधून मिळतात का ते आधीच विचारा, किंवा वर्षभर भाड्याचीच गाडी घ्या. तेही शहाणपणाचंच आहे.

कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवायला विसरू नका. तो राहिला तर गाडी विकताना अडतं.

पुढच्या बैठकीत सोडवायचं गणित: ४ लाखांचं कर्ज, ३ वर्षं. कंपनी म्हणते फ्लॅट ९ टक्के, फी नाही. बँक म्हणते हप्ता १३,१९० आणि फी ४,०००. दोन्हीकडे एकूण किती भरावे लागतील ते काढा. फरक २९,१६० आला तर तुमचं बरोबर.