हॉर्नच्या भरवशावर

चि. निनाद यास,


विजेवरची स्कूटर घेतलीस आणि लायसन्सही हातात आलं, हे कळलं. चार्जिंग, रेंज यांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त समजतं, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते सायकलवाल्यांबद्दल. आपल्या वटारच्या रस्त्याला एका अंगाला वाडीचं कुंपण, दुसऱ्या अंगाला कुठे बावखलाचं पाणी तर कुठे गटाराची उघडी कड. त्यातून क्लासला निघालेली पोरं जातात, कॅरिअरला भाजीचं ओझं बांधलेली म्हातारी माणसंही जातात. त्यांना आरसा नसतो. मागून एकदम हॉर्न वाजला की माणूस उजव्या खांद्यावरून मागे बघतो, खांद्याबरोबर हँडलही उजवीकडे झुकतं, आणि तू नेमका त्याच बाजूने पुढे काढत असतोस. म्हणजे इशारा म्हणून दिलेला हॉर्नच कधीकधी टक्कर घडवून आणतो. म्हणून पुढच्याला आपली चाहूल लागलेलीच नाही असं धरून चाल. ओव्हरटेक करायचा की थांबायचं, हे ठरवणं सर्वस्वी तुझ्याकडे आहे.

पेट्रोलच्या गाडीचा आवाज आधी पोचायचा, तुझ्या गाडीचा तसा पोचत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २०१३ ते २०१७ मधल्या अपघातांवरचा. तेवढंच अंतर धावताना विजेवरच्या आणि हायब्रिड मोटारींनी पादचाऱ्यांना इतर मोटारींच्या दुप्पट प्रमाणात धडक दिली, असं त्यात दिसलं. तू म्हणशील, तो मोटारींचा आणि पादचाऱ्यांचा हिशेब, स्कूटर आणि सायकलचा नव्हे. बरोबर आहे. शिवाय हा फरक शहरी भागात दिसला, ग्रामीण भागात नाही. म्हणूनच सगळा दोष मी शांत मोटरवर टाकत नाही. खरा प्रश्न वेगाचा आणि अंतराचा आहे. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ब्रेककडे हात जाईपर्यंतच तेवढं अंतर कापलं जातं. वेग २० वर आणलास तर धडकेतली ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते. त्यात ही गाडी मूठ जरा पिळली की उसळते. सायकलच्या मागे चिकटून चालताना ते फार महागात पडतं. जर्मनीत सायकलच्या बाजूने जाताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं. आपल्या रस्त्यावर तेवढी जागाच नाही, हा आक्षेप खरा. पण जागा नसेल तर पुढे जायचंच नाही, हाच त्याचा अर्थ. पुढच्या फाट्यापर्यंत मागे राहिलास तर अर्धा मिनिट जाईल.

सायकलवालेही उलट्या बाजूने येतात, रात्री बिनादिव्याचे फिरतात, हे मला ठाऊक नाही असं नाही. त्यांनाही सुनावायला हवं, पण ते वेगळं पत्र. चूक कुणाचीही असो, मार खातो तो बहुधा हलका असतो, आणि शंभर किलोंहून जड गाडी तुझ्या हातात आहे. आणि धाकटीला ताशी २५ च्या आतली, बिननंबराची स्कूटर देण्याचा विचार असेल तर थांब. २५० वॅटच्या आतल्या मोटरच्या त्या गाडीला कायदा मोटारवाहन मानत नाही, लायसन्स मागत नाही; पण ताशी २५ म्हणजेही सेकंदाला सात मीटर होतात.

इजा कशा होतात तेही माहीत असू दे. पडणारा हात टेकतो, त्यात मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडतं, म्हाताऱ्यांचं खुब्याचं. हे लगेच कळतं. धोका न दिसणाऱ्या इजांचा. डोक्याला मार लागलेला माणूस उठतो, बोलतो, आणि काही तासांनी गुंगीत जातो. लहान मुलांच्या पोटात हँडलचं टोक घुसतं. वर एक गोल वळ दिसतो, आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. 'काही लागलं नाही, काका' हे पोराचं बोलणं घाबरून केलेलं असतं. मोटारवाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं कर्तव्य आहे, तेव्हा त्याला घरी सोडून परत फिरू नकोस. दवाखान्यात ने, घरच्यांना बोलाव, आणि हँडल पोटात लागलंय हे डॉक्टरांना स्वतः सांग. नाहीतर ते खरचटलेला गुडघाच पाहत बसतील.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा