पोट फुगलं म्हणून जेवण सोडू नकोस

भवानीपूर, कोलकाता

चि. मुक्ता,


वजन उतरवायला घेतल्यापासून संध्याकाळी पोटाचा नगारा होतो, कुर्ता कमरेला दाटतो, काट्यावरचा आकडा मात्र पहिल्या आठवड्यानंतर उतरत नाही, म्हणून आता रात्रीचं जेवणच बंद करते, असं तू कळवलंस. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, मध्येच तुझी मीटिंग उपटते, म्हणून लिहायला बसले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते : जेवण बंद करू नकोस. फुगलेलं पोट आणि वाढलेली चरबी यांची खाती वेगळी आहेत. एकाचा आकडा दुसऱ्यात मांडलास तर दोन्हीकडे फसशील. तुझं पोट फुगतंय ते बहुधा तू जास्त खातेस म्हणून नव्हे. जे चांगलं म्हणून खायला लागलीस ते सगळं एका आठवड्यात, एकदम आणि वर मिठासकट खायला लागलीस, म्हणून.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या शेवटी रक्तदाबासाठी ‘डॅश-सोडियम’ नावाची एक मोठी चाचणी झाली. ४१२ माणसं होती. काहींना भाज्या, फळं, कडधान्यं असलेला भरपूर चोथ्याचा आहार दिला, काहींना नेहमीचा कमी चोथ्याचा, आणि दोन्हींत मिठाचं प्रमाण बदलून पाहिलं. त्याच नोंदी २०१९मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या, या वेळी पोट फुगण्याच्या प्रश्नासाठी. चोथ्याच्या आहारावर पोट फुगल्याची तक्रार सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि मीठ वाढवल्यावर दोन्ही आहारांत ती वाढली, साधारण पाव हिश्शाने. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. त्या चाचणीत माणसांचं वजन मुद्दाम स्थिर ठेवलं होतं. कुणाचं वाढू लागलं की कॅलरी कमी करायच्या, उतरू लागलं की वाढवायच्या. म्हणजे वजन जिथल्या तिथे असतानाही पोटं फुगत होती. चरबीचा त्यात काही संबंध नव्हता. नंतर ‘ओम्नीहार्ट’ नावाच्या दुसऱ्या चाचणीतल्या १६४ जणांच्या नोंदींवरून असंही दिसलं, की चोथा तेवढाच ठेवून पिष्टाच्या जागी प्रथिनं वाढवली तर फुगणं आणखी वाढतं. चोथा जास्त, प्रथिनं जास्त : डाएट म्हणून आजकाल सगळे जे करतात ते हेच.

आता तुझं ताट बघ. सेक्टर फाइव्हच्या फुटपाथवर सकाळी छातूचं सरबत घेतेस. चांगलं पेय आहे, स्वस्त आहे, उन्हाळ्यात तर अमृत. पण तो छातूवाला स्टीलच्या पेल्यात काय काय घालतो ते एकदा उभं राहून पाहा : भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, मूठभर बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून सढळ हाताने पादेलोण. हरभऱ्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. कांद्यातल्या फ्रुक्टनचंही तेच. दोन्ही न पचता मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. पादेलोणाने गॅस जातो या समजुतीने लोक ते आणखी मागून घेतात. ते शेवटी मीठच. दुपारी कच्च्या कोबीचं सॅलड आणि सफरचंद, चारला मटकीची उसळ, मध्येमध्ये शुगर-फ्री च्युइंगगम (त्यातले सॉर्बिटॉल, झायलिटॉल याच जातीचे), भूक लागली की मुडी. मुडी हलकी खरी, पण आपल्या चुरमुऱ्यांसारखीच तांदळाला मीठ लावून फोडलेली असते, आणि झालमुडीवाला त्यावर चनाचूर आणि मसाला घालतो. यातली एकही वस्तू वाईट नाही. पण महिन्यापूर्वी पोहे, पोळीभाजी आणि कँटीनचा भात खाणाऱ्या पोटावर हे सगळं एका सोमवारपासून येऊन आदळलं. वर तू एकूण खाणं निम्मं केलंस. त्याने मल कमी तयार होतो, बद्धकोष्ठ होतं, आणि अडलेल्या आतड्यात वायूही अडतो. रात्रीचं जेवण काढलंस तर ही शेवटची अडचण वाढेल, कमी होणार नाही. शिवाय उपाशी झोपलेलं माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी वखवखून खातं, तेही घाईघाईने, हवा गिळत.

तू विचारशील, मग डाळी, उसळी, सॅलड सोडून देऊ का? मुळीच नको. वजन उतरवताना पोट भरल्यासारखं राहावं, स्नायू झडू नयेत, साखर एकदम चढू नये, यासाठी चोथा आणि प्रथिनं यांच्याशिवाय गत्यंतर नाही. त्या चाचणीच्या अभ्यासकांनीही चोथा सोडा असं सांगितलं नाही. मीठ कमी करून बघा, असं सांगितलं. फक्त शिडीच्या पायऱ्या चढ. आठवड्याला एकच नवी गोष्ट वाढव; आतड्यातले जिवाणू नव्या खाण्याला काही आठवड्यांत रुळतात. कडधान्य आठ-दहा तास भिजव, ते पाणी ओतून टाक, मोड आण, आणि कच्चं न खाता मऊ शिजवून खा. भिजवण्याने आणि मोडाने त्या त्रासदायक शर्करा बऱ्याच कमी होतात. राजमा आणि घुगनीच्या वाटाण्यापेक्षा मूगडाळ सोसते. छातू हवंच तर कांदा आणि पादेलोण नको म्हणून सांग, नुसतं लिंबू पिळून घे. भाज्यांच्या बाबतीत तर तू नशीबवान आहेस : दुधी, दोडका, परवर, कच्ची पपई या इथल्या बाजारात ढिगाने मिळतात, त्या पोटाला सोप्या, आणि बंगाली घरात आजारी माणसाला कच्च्या पपईचा पातळ झोल देतात तो उगाच नव्हे. फ्लॉवर, कोबी थंडीत कितीही स्वस्त झाले तरी एका वेळी वाटीभरच. दुधाने त्रास होतो असं वाटत असेल तर छेना खाऊन बघ. दूध फाडल्यावर लॅक्टोज बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. प्रोटीन पावडर घेत असशील तर डब्यावर ‘व्हे कॉन्सन्ट्रेट’ लिहिलंय का बघ, त्यात लॅक्टोज राहतं. मिठाबद्दल आपल्या आयसीएमआर-एनआयएनचं २०२४चं मार्गदर्शन दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतचं आहे, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, चनाचूर, पाकिटातलं सूप हे त्यातच धरायचं.

काट्याबद्दल. एका रात्रीत एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा जवळपास ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. तू तेवढं खाल्लेलं नाहीस. मग काटा कधी कधी किलोभर वर का जातो? पाणी, मीठ, न उतरलेला मल, आणि पाळीच्या आधीचे काही दिवस. उलट पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरले म्हणून तू खूश झालीस, त्यातलाही मोठा भाग पाणीच होतं : यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजन संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. तेव्हा काट्याशी रोज भांडण नको. आठवड्यातून एकदा, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन कर. टेपनं कंबरही तेव्हाच मोज, संध्याकाळी कधीच नाही. आकड्यांची तुलना या महिन्याची मागच्या महिन्याशी कर, कालची आजशी नव्हे.

आता कोलकात्याविषयी, कारण तुझ्या ऑफिसातली मंडळी तुला औषधं सुचवणारच. या शहरात गॅस आणि अंबल (आम्लपित्त) हा हवामानासारखा बोलण्याचा विषय आहे. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना १८७४मध्ये, शाळकरी वयात, जबर आमांश झाला आणि पोटाचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. त्याच रायांनी १८९२च्या सुमारास अप्पर सर्क्युलर रोडवरच्या घरात ७०० रुपये भांडवलावर जो कारखाना सुरू केला तो पुढे बेंगॉल केमिकल्स झाला, आणि ‘अ‍ॅक्वा टायकोटिस’ हा ओव्याचा अर्क त्याचं घराघरांतलं नाव. जेवणानंतर ओवा, बडीशेप, हिंग याला माझी काही हरकत नाही. आतड्याच्या स्नायूंना थोडी ढिलाई मिळते, बरं वाटतं. पण ओव्याने हरभऱ्यातल्या शर्करा नाहीशा होत नाहीत. कारण तसंच ठेवून अर्क पीत राहणं म्हणजे नुसती मलमपट्टी. फ्रूट सॉल्ट तर रोज नकोच : ते सोड्याचं असतं, सोडियमही देतं आणि पोटात वायूही सोडतं. आणि इथे किती तरी लोक सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेतात, दुकानदाराच्या सल्ल्याने. ती जळजळीची गोळी आहे, फुगण्याची नाही. जठरातलं आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवल्यास लहान आतड्यात नको ते जिवाणू वाढण्याचा धोका संभवतो. ‘कोलकात्याचं पाणीच लागतं’ हा दुसरा लाडका सिद्धांत. जुने बंगाली बाबू अजीर्णावर हवापालट म्हणून मधुपूर, गिरिडीह, देवघरला जात आणि बरे होऊन येत. श्रेय तिथल्या विहिरीच्या पाण्याला. मला वाटतं, ते तिथे दोन वेळा मैलभर चालत, कचेरीच्या वेळेआधी घास कोंबत नसत आणि रात्री लवकर जेवत, त्याचा वाटा पाण्याहून कमी नसावा. पाणी उकळून किंवा गाळून पी, त्यात वाद नाही. दूषित पाण्याने जिआर्डिया, आमांश होतात आणि त्यांनी पोट फुगतं. पण त्यात जुलाब, मुरडा असं काही बरोबर येतं, आणि त्याची तपासणी असते.

इंटरनेटवर तुला ‘लो-फॉडमॅप’ हा शब्द भेटला असेल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तो आहार आखला गेला, चंचल आतड्याच्या म्हणजे आयबीएसच्या रुग्णांसाठी. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, सफरचंद असं बरंच काही त्यात थोडे आठवडे बंद करतात, मग एकेक परत आणून कशाने त्रास होतो ते शोधतात. तो वजन उतरवण्याचा आहार नाही आणि कायमचाही नाही. जास्त दिवस चालवला तर आतड्यातले उपयोगी जिवाणू घटतात. आधीच कमी खाणाऱ्या मुलीने आहारतज्ज्ञाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. गहू सोडायचाच मोह झाला तर सीलिअ‍ॅक या गव्हाने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची रक्ततपासणी गहू खात असतानाच करून घे, नंतर ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

आणखी एक, कारण पोट फुगलं की सगळे गॅसलाच धरतात. बार्सिलोनाच्या अभ्यासकांनी फुगलेल्या पोटांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा अनेकांच्या पोटात गॅस थोडासाच वाढलेला दिसला. श्वासपटल खाली दाबलं गेलं होतं आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल सुटले होते, म्हणून पोट बाहेर आलं होतं. अशांना श्वासाचं शिक्षण दिल्यावर घेर कमी झाला. त्यामुळे जेवल्यावर खुर्चीत घडी घालून लॅपटॉपवर वाकू नकोस. पंधरा मिनिटं चाल. सुट्टीच्या दिवशी रवींद्र सरोवराला एक फेरी मार. चालण्याने वायू पुढे सरकतो. घास चावून खा. चोथा वाढवशील तसं पाणीही वाढव, आणि इसबगोल घ्यायचं तर अर्ध्या चमच्यापासून. त्याचं आंबणं मंद असल्याने कोंड्याइतका गॅस होत नाही.

एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. आणि मल काळा किंवा रक्ताचा दिसला, झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं, उलट्या होऊ लागल्या, रक्तातलं लोह घसरलं, किंवा तू काही न करताच वजन उतरायला लागलं, तर महिनाही थांबू नकोस. हे तुझ्या आईलाही वाचून दाखव : पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट नव्याने फुगू लागलं आणि तीन-चार आठवडे तसंच राहिलं तर पचन म्हणून सोडून द्यायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडून अंडाशयाची तपासणी करून घ्यायची.

सध्या रात्री मूगडाळीची खिचडी आणि दुधीची भाजी पोटभर खा, नऊच्या आत. कच्चा कांदा, च्युइंगगम आणि झालमुडी दोन आठवडे बंद ठेव, बाकी काही बदलू नकोस, आणि तिसऱ्या रविवारी सकाळचे दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
मावशी