गावचा विकास आराखडा आणि आपले दुकान

शिरूर अनंतपाळ हे १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झाले. पुढे २०१४ नंतर शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले व येथेही नगरपंचायत आली. पाटी बदलली, घरपट्टीची पावती बदलली, एवढेच पुष्कळांच्या लक्षात येते. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा बदल वेगळाच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण ठरते. म्हणजे रस्ता कोठून जाईल, बाजार कोठे भरेल, शाळा, मैदान व दफनभूमी यांना जागा कोठे राहील, हे तिच्या विकास आराखड्यात ठरते. आपले दुकान त्या नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. सरकारी मराठी आम्हाला जड जाते, अशी तक्रार आपल्यातले अनेक जण करतात. परंतु या कामातले निम्मे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत: जमीन, नकाशा, इरादा, अर्ज, मंजुरी. फक्त ‘हरकत’ या शब्दाशी जरा सांभाळावे. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, सरकारी मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. मात्र मुदतीत हालचाल केली नाही तर आक्षेपही राहत नाही, हे दोन्ही अर्थांनी खरे आहे.

आराखड्याचे टप्पे असे आहेत. प्रथम प्राधिकरण आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे, याचा नकाशा तयार होतो. कारागिरांनी येथेच जागे व्हावे. घराच्या पडवीत शिलाई मशीन, गादी भरण्याचे काम किंवा वेल्डिंग चालते, पण कागदावर फक्त ‘रहिवास’ लिहिले गेले, तर पुढे धंद्याचा पुरावा द्यायला त्रास होतो. त्यानंतर प्रारूप आराखडा राजपत्रात व वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती व सूचना देण्यास ३० दिवसांची मुदत असते. नियोजन समिती सुनावणी घेते, फेरबदल होतात आणि आराखडा मंजुरीस जातो. मंजूर आराखडा साधारणतः २० वर्षांनी सुधारला जातो. म्हणजे त्या ३० दिवसांत गप्प बसलो तर मुलांच्या उमेदीचा काळ त्याच नकाशात जातो.

आता आरक्षण. एखाद्या जागेवर बगिचा, वाहनतळ किंवा भाजी मंडई दाखवली म्हणजे ती लगेच सरकारजमा होत नाही. मालकी आपलीच राहते, पण बांधकामाची परवानगी अडते. जागा घेताना प्राधिकरणाने मोबदला द्यायचा असतो. तो रोख असेल, किंवा वाढीव चटईक्षेत्र वा टीडीआर या रूपाने असेल. लहान गावात टीडीआरला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, म्हणून देकार नीट तोलावा. आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. आजच्या तरतुदीप्रमाणे त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झाले असे मानले जाते. नोटीस मात्र मालकानेच द्यावी लागते.

गुंठ्यावर घेतलेले भूखंड हा आपल्या लोकांचा मोठा प्रश्न आहे. बाँडपेपरवर सौदा, ना मंजूर रेखांकन, ना रस्ता. अशा भूखंडांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात घेतले गेले. तरीही ओढ्याच्या पात्रातला किंवा आरक्षणातला भूखंड तेवढ्याने सुरक्षित होत नाही. म्हणून इसार देण्याआधी गट नंबर घेऊन झोन दाखला काढावा. तागा फाडण्याआधी आपण कापड मोजतोच ना?

शाश्वत विकास हा शब्द मोठा वाटतो, पण व्यापाऱ्याला तो चटकन कळावा. मुद्दल शाबूत ठेवून नफ्यावर घर चालवणे, एवढाच त्याचा अर्थ. गावाचे मुद्दल म्हणजे पाणी, ओढे, मोकळी जागा व झाडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पाणी नसले की आधी लग्ने पुढे ढकलली जातात, मग कापडाची दुकाने ओस पडतात. आपल्या तालुक्यात साकोळ व घरणी हे मध्यम प्रकल्प आहेत, पण पाऊस कमी झाला तर धरण काय देणार? २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. लहान दुकानदारानेही गच्चीचे पाणी जमिनीत सोडावे.

नकाशा चुकला तर काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले, ते चांगलेच झाले. पण जुन्या गल्लीत घर, काम व गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर होते, ती वीण सरळ रेघांच्या नकाशात सुटली. रुंद रस्त्याला आमचा विरोध नाही. कारागिराची जागा रेघ ओढण्याआधी विचारावी, एवढेच म्हणणे आहे.

हरकत लिहिताना गट किंवा मालमत्ता क्रमांक, प्रस्तावित रस्त्याची रुंदी, किती वर्षांचा धंदा व किती माणसांची रोजी, हे आकड्यांत मांडावे. सातबारा किंवा नमुना आठ, वीजबिल व जुनी पावती जोडावी. नुसते ‘नको’ न म्हणता पर्यायी जागा सुचवावी. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवावी व सुनावणीला स्वतः जावे. आठवडी बाजारात बसणाऱ्यांनी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील सर्वेक्षणात नाव नोंदवावे. त्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते असतात.

प्रत्येक गल्लीने निदान एक शिकलेला तरुण या कामी नेमावा. त्याने महिन्यातून एकदा नगरपंचायतीचा सूचना फलक वाचावा आणि काय वाचले ते दुकानादुकानांत सांगावे. खर्च काही नाही, आणि दुकानाची जागा टिकली तरच धंद्याच्या बाकीच्या गोष्टी.