पत्रा पडत नाही, उडतो!

स्ट्रक्चर्सच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास असतो, "छपरावर कोणकोणते लोड येतात?" आपण सगळे पाठ केलेलं उत्तर देतो. डेड लोड, लाइव्ह लोड, विंड लोड. यातला तिसरा शब्द मी दोन वर्षं नुसता तोंडानं म्हणत आले होते. तो कशाशी खातात ते गेल्या मे महिन्यात आजोळी कळलं.

आजोळ पुरंदर तालुक्यात. दोन गाई, एक कालवड आणि त्यांचा गोठा. मी परीक्षा संपवून पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वळीव आला. पाऊस नंतर, आधी वारा. पाच मिनिटांत गोठ्याचं अख्खं छप्पर, पत्रे, वासे, सगळं एका तुकड्यात उचललं गेलं आणि शेजारच्या नांगरलेल्या रानात जाऊन उलटं पडलं. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेल्या दगडांपैकी एक कालवडीच्या पुठ्ठ्यावर पडला. ती अजून किंचित लंगडते. गाईंनी दावी तोडली म्हणून त्या वाचल्या.

मला त्या वेळी सगळ्यात विचित्र काय वाटलं असेल, तर मेढी तशाच उभ्या होत्या! (मेढ म्हणजे जमिनीत पुरलेला, वर बेचकं असलेला खांब. कॉन्व्हेंटच्या कृपेने हा शब्द मलाही नवीनच होता.) आठपैकी सहा मेढी जागच्या जागी, त्यांच्यावरचं छप्पर मात्र गायब. मी मामाला म्हटलं, "वासे बारीक पडले असणार, वजन झेपलं नाही." मामा म्हणाला, "अगं, वजनानं पत्रा कधी पडतो का? पत्रा उडतो!"

एवढं एक वाक्य समजलं तर हा लेख इथेच सोडायला हरकत नाही. पण आकडे बघण्यासारखे आहेत.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५, भाग ३ हे कोड आहे. त्यात पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. घाबरू नका, हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल असा काही सेकंदांचा झोत आहे. शेतावरच्या, माणसं राहत नाहीत अशा बांधकामांना कोड थोडी सूट देतं, ३९ ला ०.९२ ने गुणायचं. (कोडमध्ये गोठ्यासारख्या गोष्टींचा विचार केलाय हे बघून मला उगाच आनंद झाला.) वेग झाला ३६. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, सुमारे ७८० न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ ८० किलो. छपराच्या उताराप्रमाणे आणि भिंती किती उघड्या आहेत त्याप्रमाणे याचा कितवा हिस्सा वर ओढतो त्याची कोष्टकं कोडमध्ये आहेत. मी ढोबळमानाने निम्मा धरला, ४० किलो. (सर, माफ करा.)

आमचं नवं छप्पर २२ फूट बाय १५ फूट, म्हणजे साधारण ३० चौरस मीटर. वाऱ्याची ओढ बाराशे किलो! आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांचं वजन? दीडशे किलोच्या आसपास. वासे आणि लोखंड धरून सगळं छप्पर चारशे-सव्वाचारशे. म्हणजे वर उचलणारी ताकद खाली बसवणाऱ्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. त्यावर चार दगड ठेवून काय होणार? दगड छपराला धरत नाहीत, छपराबरोबर जातात.

मग आबांच्या (माझ्या आजोबांच्या) तरुणपणी याच मेढींवरचं छप्पर कसं टिकलं? हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. तेव्हा वर उसाच्या पाचटाचं शाकार होतं. पाचट जड आणि त्यातून वारा झिरपतो. नंतर पाचट काढून पत्रा घातला. म्हणजे छपराचं वजन घटलं, वाऱ्याची वाट बंद झाली, पण वासे मात्र बेचक्यात पूर्वीसारखेच एक खिळा आणि थोडी तार यांच्या भरवशावर राहिले. चूक पत्र्याची नाही. पत्रा चांगलाच, दरवर्षी शाकारायचा त्रास नाही. पण छप्पर बदललं तेव्हा सांधा बदलायला हवा होता.

गावातल्या निम्म्या लोकांचे पत्रे गेले होते, त्यामुळे सुतार म्हणाला दीड महिना लागेल. मृग तर १९ दिवसांवर. तेव्हा आबा, मामा, मामाचा बारावीतला मुलगा आणि मी असे चौघंच कामाला लागलो.

गोठा २० फूट बाय १२ फूट ठरवला. एकपाखी छप्पर, पूर्वेला उंची १० फूट, पश्चिमेला ८. दोन रांगांत चार-चार खांब. लायब्ररीतल्या एका पुस्तकात मी ‘पोल बार्न’ हा प्रकार वाचला होता. अमेरिकेत १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात शेतकऱ्यांमध्ये तो रूढ होऊ लागला. पायाची भिंत नाही, खांबच खोल पुरायचे आणि तेच पाया, तेच भिंतीचा सांगाडा. मी मोठ्या उत्साहाने आबांना चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "मेढीचा गोठा हाय की ह्यो!"

मामाला लोखंडी पाइप हवे होते. आबांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. गोमूत्राने पाइप नेमका जमिनीलगत गंजतो. शिवाय बांधावरची नीलगिरी आदल्या वर्षी तोडून सावलीत ठेवलेली होतीच. ताजी तोडलेली नीलगिरी वापरू नका, ती सुकताना चिरते आणि पीळ खाते. जाडी पाच इंच.

लाकूड कुजतं कुठे? मला वाटायचं सगळ्यात खाली. जुन्या दोन मेढी उपटून पाहिल्या तर तळ बऱ्यापैकी शाबूत, आणि जमिनीच्या पातळीला मात्र हाताने भुगा निघत होता. कारण बुरशीला ओलावाही लागतो आणि हवाही. खोलवर हवा कमी, वर ओल कमी, मधल्या वीतभर जागेत दोन्ही मिळतात. म्हणून डांबर लावताना आम्ही बुंध्याचे चार फूट रंगवले, म्हणजे जमिनीवरही एक फूट. त्याआधी आबांनी बुंधे जाळावर फिरवून घेतले. माझं मत, जाळल्याने वरचा भाग सुकतो हे ठीक, पण भेगांतून पाणी शिरतंच. खरी राखण डांबराची.

आखणीत अर्धा दिवस गेला तरी चालेल, घाई करू नका. एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ८ फूट मोजायचे आणि तिरकं अंतर बरोबर १० आलं की काटकोन झाला. मग पूर्ण चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. आमच्या मापाला ते २३ फूट ४ इंच यायला हवेत. आमच्यात पहिल्यांदा पाच इंचांचा फरक आला! तसंच पुढे गेलो असतो तर पत्र्यांची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसली असती.

खड्डे तीन फूट खोल, दीड फूट रुंद. पहार आणि टिकावाने मुरुमात आठ खड्डे खणायला तीन दिवस लागले (माझ्या हातांचे फोटो हॉस्टेलवर सर्वांनी पाहिले आहेत). तळाला चार बोटं खडी, म्हणजे पाणी साचत नाही. आता महत्त्वाचं. खांबाच्या बुंध्यात आरपार भोक पाडून त्यात १२ मिलिमीटरची फूटभर सळई घातली, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. तिच्याभोवती फूटभर काँक्रीट. ही सळई नसेल तर वारा खांबाला काँक्रीटमधून बुचासारखा उपसून काढू शकतो. सळईमुळे खांब उचलायचा तर काँक्रीटचा गोळा आणि त्यावरची माती सगळंच उचलावं लागतं. त्याचं वजन मी काढलं, अडीचशे किलोच्या वर. छपराचं स्वतःचं वजन वजा करून खांबामागे ओढ येते शंभरच्या आत. कोपऱ्यांवर ती जास्त असते, तिथे दुप्पट धरली तरी जमतं.

काँक्रीटवर माती एकदम भरायची नाही. वीतभर टाकायची, किंचित ओली करायची, पहारीच्या बोथट टोकाने ठोकायची, मग पुढची. ओळंबा लावून खांब दोन बाजूंनी तिरक्या काठ्यांनी धरून ठेवायचा. आम्ही तिसऱ्या खांबाला एकच काठी लावली. सकाळी बघतो तर तो इंचभर कलला होता, काँक्रीट धरलेलं. तो तसाच आहे. खांबाभोवती वर मातीचा उंचवटा करायचा, म्हणजे पाणी बाहेर जाईल. मी छान वाटीसारखा खळगा केला होता, आबांनी तो पायाने मोडला.

दुसरी चूकही माझीच. खांब आधीच मापाने कापले. खड्डे काही सगळे सारखे होत नाहीत, एक खांब दोन इंच बुटका पडला आणि फळकुट घालावं लागलं. आधी उभे करा, पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या खांबांवर एका पातळीची खूण करा आणि मग कापा.

खरी लढाई सांध्यांची. पत्रा अँगलला, अँगल वाशाला, वासा खांबाला, खांब जमिनीला. ही साखळी आहे, आणि बाराशे किलो सगळ्यात कच्च्या कडीवर जाऊन बसतात. खिळा खाली दाबणाऱ्या वजनाला चांगला, पण वर ओढलं की सरळ निघतो. म्हणून वासा आणि खांब यांच्यावरून लोखंडी पट्टी वाकवून घातली आणि आरपार बोल्ट मारले, मोठा वायसर घालून. अँगलही वाशाला बोल्टनेच. पत्र्याला हुकाचे बोल्ट, तेही उंचवट्यावर, कारण खोलगट भागातून पाणी वाहतं. ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वात जास्त असते, तिथे बोल्ट दुप्पट लावले. पत्रे उत्तरेकडून घालत आणलो, म्हणजे पावसाळी वारा जोडाच्या फटीत शिरत नाही.

भिंतीवरून घरात वाद झाला. पश्चिमेची बाजू पावसासाठी बंद करायची हे नक्की. मामाला ती वरपर्यंत पत्र्याने बंद हवी होती. पण आमच्याकडे वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. पूर्व उघडी आणि पश्चिम पूर्ण बंद, म्हणजे गोठ्याची पिशवी होते. वारा आत शिरून खालून ढकलणार, वरून ओढ आहेच. शेवटी भिंत पाच फुटांपर्यंत, वर तीन फूट मोकळं. शेणमुताचा उग्र वासही तिथून निघून जातो, गाईंच्या डोळ्यांना बरं.

जमिनीचा उतार आणि गव्हाण यांवर लिहायला जागा नाही. काम सतराव्या दिवशी संपलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा वारा झाला, तेव्हा मी इथे हॉस्टेलवर होते. रात्री साडेदहाला मामाला फोन केला. तो गोठ्यात कालवडीजवळच बसला होता. म्हणाला, "पत्रा वाजतोय, पण हलत नाही. झोप तू." महिन्याभराने त्याला सगळे बोल्ट पुन्हा आवळायला सांगितले, कारण लाकूड आणखी सुकलं की नट सैल होतात. अकरा नट अर्धा-अर्धा फेरा फिरले. पन्हळ अजून बसवायची राहिली आहे, दिवाळीच्या सुट्टीत जाईन तेव्हा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी