हिवतापाच्या जंतूची वंशावळ

वंशावळ हा शब्द उच्चारला की आपल्या समाजात कोणाचे कूळ उच्च आणि कोणाचे नीच, हाच विचार आधी मनात येतो. विज्ञानातील वंशावळ कोणाला मोठेपणा देत नाही. कोण कोणापासून निघाले, एवढेच ती पुराव्याने दाखविते. ही पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना समजावी म्हणून सर्वांच्या परिचयाच्या हिवतापाचे उदाहरण येथे घेतले आहे.

हिवतापाचा जंतू अल्फोन्स लाव्हेरान यांनी १८८० मध्ये अल्जेरियात प्रथम पाहिला. तो डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे आढळले. माणसाला होणाऱ्या हिवतापाच्या जंतूंपैकी फॅल्सिपेरम हा सर्वांत घातक. तो माणसात आला कोठून? सूक्ष्मदर्शकातून याचे उत्तर मिळेना, कारण चिंपांझीच्या रक्तातील एक जंतू दिसायला जवळजवळ तसाच असतो. तेव्हा शास्त्रज्ञ जनुकांकडे वळले.

चुकांवरून नाते

जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर होय. जंतूची वाढ होताना या मजकुराची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. पुढील पिढ्या ती चूक तशीच उतरवीत जातात.

बँकेत पूर्वी खातेवह्या हाताने लिहीत. दोन वह्यांत एकाच ठिकाणी ४७५ ऐवजी ४५७ आढळले, तर दोन्ही एकाच चुकलेल्या वहीवरून उतरविल्या असाव्यात, हे जुना कारकून लगेच ओळखी. दोन्हींत आकडा बरोबर असता तर त्यावरून काहीच कळले नसते. शास्त्रज्ञही असेच करतात. निरनिराळ्या जंतूंमधील एकच जनुक ओळीने मांडतात, समान बदल मोजतात आणि त्यावरून वंशवृक्ष काढतात.

निष्कर्ष बदलला

१९९१ मध्ये या पद्धतीने असे अनुमान निघाले की फॅल्सिपेरम पक्ष्यांच्या हिवतापाच्या जंतूला जवळचा आहे. परंतु तेव्हा तुलनेला घेतलेले जंतू थोडेच होते. १९९४ मध्ये चिंपांझीच्या जंतूचे जनुक तुलनेत घेतले, तेव्हा तोच फॅल्सिपेरमचा निकटचा नातेवाईक ठरला. पुढे आफ्रिकेतील रानटी वानरांच्या सुमारे तीन हजार विष्ठा-नमुन्यांची तपासणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसातील फॅल्सिपेरम गोरिलांच्या जंतूंच्या शाखेतच बसतो, असे दिसून आले. पुरावा वाढला, तसा निष्कर्ष सुधारला.

याचा उपयोग काय?

क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम आफ्रिकेत पसरला, तेव्हा तो तेथेच निर्माण झाला की बाहेरून आला, हा प्रश्न होता. जनुकांच्या तुलनेवरून त्याचे मूळ आग्नेय आशियात असल्याचे दिसले. म्हणजे एका प्रदेशात निर्माण झालेला औषधरोध दुसऱ्या खंडात मुलांच्या जिवावर उठला. भारतात फॅल्सिपेरमसाठी आता आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधे देतात. तीही निकामी होऊ नयेत म्हणून ताप येताच रक्त तपासून घेणे आणि दोन गोळ्यांनी बरे वाटले तरी औषध अर्धवट न सोडणे, हे आपले प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नासिकामापनाचे आकडे तपासून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत, हे मत खोडून काढले. ऐकीव वंशावळीपुढे त्यांनी मोजमाप ठेवले. आपल्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाकडे वळावे ते हीच दृष्टी घेऊन.

नमो बुद्धाय! जय भीम!