सार्दीसचा उघडा कोट

शास्त्रभाग : प्रकटीकरण 3:1–6



आशियातील सात मंडळ्यांस जी पत्रे योहानाच्या हातून गेली, त्यांपैकी पाचवे सार्दीस येथील मंडळीस आहे. लाओदिकीयाच्या कोमटपणावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात. सार्दीसचे पान मात्र लौकर उलटले जाते. ते आपल्या फार जवळून जाते, म्हणूनच असेल कदाचित.

या पत्रात काय नाही, हे प्रथम पाहावे. स्मुर्णा येथील बंधूंस छळ सोसावा लागला. पर्गम व थुवतीरा येथे खोटी शिकवण शिरली होती. सार्दीसविषयी यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. बाहेरून शत्रू नाही, आत पाखंड नाही. उपासना चालू होती, आणि आसपासचे लोक तिला जिवंत मंडळी म्हणत. प्रभूने मात्र तिला मेलेली म्हटले, आणि पहिली आज्ञा दिली ती जागे होण्याची.

हीच आज्ञा का, हे त्या नगराचा इतिहास जाणल्यावाचून नीट कळत नाही. सार्दीस ही प्राचीन लुदिया देशाची राजधानी. तिचा किल्ला त्मोलस पर्वताच्या एका सुळक्यावर होता व त्याचे कडे तुटलेले होते. खालून पॅक्टोलस नदी वाहत असे. तिच्या वाळूत सोने सापडे. तेथील राजा क्रीसस याची संपत्ती म्हणीसारखी झाली होती. इ. स. पू. 546 च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने नगरास वेढा घातला. हाच तो कोरेश, ज्याने पुढे यहूदी लोकांस बाबेलातून परत जाऊ दिले. हेरोडोटस लिहितो की, किल्ल्यावरील एका शिपायाचे शिरस्त्राण कड्याखाली पडले. तो उतरून ते घेऊन पुन्हा वर गेला. हे कोरेशाच्या एका सैनिकाने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने तो व त्याचे सोबती चढून गेले. त्या बाजूस पहारा नव्हता. येथून कोण चढणार, अशी सर्वांची समजूत होती.

एवढ्यावर नगर शहाणे व्हावयास हवे होते. परंतु सव्वातीनशे वर्षांनंतर, इ. स. पू. 214 च्या सुमारास, राजा तिसरा अंतियोख याच्या वेढ्यात तेच घडले. पॉलिबियसाच्या इतिहासात ती हकीकत आहे. लागोरास नावाच्या एका क्रीटवासी सरदाराने पाहिले की, मेलेली जनावरे जेथून खाली टाकीत, तेथील कोटावर गिधाडे व इतर पक्षी निवांत बसत असत. त्यावरून त्याने ताडले की येथे माणूस नाही. उजाडताच शिड्या लावून त्याच जागी लोक चढले, आणि नगर पडले.

आपणां खेड्यातील लोकांस ही खूण कोणी समजावून सांगावयास नको. जोंधळा हुरड्यास आला म्हणजे माळ्यावर राखण्या गोफण घेऊन उभा असतो. ज्या शेतात पाखरे कणसांवर निर्भयपणे बसलेली दिसतात, त्या शेताचा राखण्या निजला आहे, हे वाटसरूसही कळते. माळा उभाच असतो, गोफणही असते. पाखरांस मात्र ठाऊक असते.

माझीच एक गोष्ट सांगतो. एका मंडळीत मी बरीच वर्षे होतो. मंदिराची कौले नवी झाली होती, दानाची पेटी रिकामी नसे, आणि जिल्ह्याच्या सभेत आमच्या मंडळीचे नाव आदराने घेतले जाई. एके शनिवारी दुसऱ्या दिवसाच्या उपदेशासाठी मी जुनी वही काढली. त्याच शास्त्रभागावर पूर्वी दोनदा केलेला उपदेश तीत होता; तोच तिसऱ्यांदा करावा असे ठरविले, आणि प्रार्थना न करताच दिवा मालविला. रविवारी लोकांनी उपदेशाची स्तुती केली. मला तेव्हा लाज वाटली नाही. भीती वाटली ती पुष्कळ दिवसांनी. बुधवारची प्रार्थनासभा कधी बंद पडली, हेही मला आठवेना. ती कोणी बंद केली नव्हती.

उपदेशक बंधूंनी यात विशेष लक्ष घालावे, कारण आपला धंदाच पवित्र गोष्टी हाताळण्याचा आहे, आणि रोज हाताळलेल्या वस्तूचे भय राहत नाही. ज्यांच्या आजोबांनी बाप्तिस्म्यासाठी वतन व विहिरीचे पाणी गमावले, त्यांच्या नातवांचीही गोष्ट तीच. आजोबांची साक्ष आपण इतक्यांदा सांगितली आहे की ती आपलीच वाटू लागते.

आता दुसरे वचन काळजीपूर्वक वाचा. जे उरले आहे व मरणाच्या पंथास लागले आहे, ते बळकट करण्यास प्रभू सांगतो. म्हणजे सर्वच मेले नव्हते. तो नवे काही उभारण्यास सांगत नाही. कसे स्वीकारले व ऐकले होते ते आठवा, ते धरून ठेवा आणि पश्चात्ताप करा, इतकेच म्हणतो. चोरासारखा येईन हा इशारा सार्दीसच्या लोकांस किती झोंबला असेल! त्यांच्या नगरात शत्रू दोनदा तसाच आला होता.

चौथ्या वचनात थोडक्या नावांचा उल्लेख आहे, ज्यांनी आपली वस्त्रे मळविली नव्हती. लोकरीच्या वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या नगरात हा दाखला सर्वांस कळला असेल. मेलेल्या म्हटलेल्या मंडळीतही प्रभूस माणसे नावानिशी ठाऊक होती.

माझ्या त्या मंडळीत एक विधवा बाई होती. तिला वाचता येत नसे. पुढे मी प्रार्थनासभा पुन्हा सुरू करावयाची म्हणून एका बुधवारी कंदील घेऊन मंदिरात गेलो, तो आत उजेड होता. बाई भिंतीशी बसली होती. मी विचारले, “आजी, तुम्हांला कोणी सांगितले आज सभा आहे म्हणून?” ती म्हणाली, “पाळकसाहेब, बुधवार न्हाई का आज?”