खळाळत्या पाण्याची गोष्ट

गेल्या श्रावणात ओढ्याच्या फरशीवरून माझी एक चप्पल वाहून गेली. वाहून गेली म्हणजे खरे तर गेलीच नाही! फरशीच्या खालच्या अंगाला पाणी पडून पांढरा फेस होतो, तिथेच ती गरगरत राहिली. बुडायची, वर यायची, फरशीकडे मागे सरकायची आणि पुन्हा बुडायची. दादा म्हणाला, "कमरेएवढं तर पाणी हाय, आणतो काढून." तो सदरा काढू लागला तोच आजोबांनी त्याचा दंड धरला. "चप्पल भाइर येईना, तर तू कसा येशील?" एवढेच ते बोलले. मी एका पायात चप्पल घालून शाळेत आले. मुले हसली, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारले, "पाणी पुढे वाहते, मग चप्पल मागे का आली?" वर्गात कोणालाच सांगता येईना.

मित्रांनो, वाहणाऱ्या पाण्याच्या दोन तऱ्हा असतात. शाळेच्या टाकीचा नळ अगदी थोडा सोडा. धार काचेच्या कांडीसारखी दिसते. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. पाण्याचे थर एकमेकांत न मिसळता शिस्तीने पुढे जातात, प्रार्थनेच्या रांगेसारखे. आता नळ पुरता सोडा. धार खरखरीत, पांढरट होते. हा संक्षुब्ध प्रवाह, म्हणजे शाळा सुटल्यावरची आपली रांग! उदबत्तीचा धूर बंद खोलीत पाहा. वीतभर सरळ चढतो, मग वाकतो आणि त्याची वेटोळी होतात. एकाच धुरात दोन्ही तऱ्हा दिसतात. (आमच्या घरी हे बघताना भात करपला.)

याचा कसून अभ्यास ऑस्बोर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने केला. त्यांचा जन्म १८४२ साली बेलफास्टला झाला. पुढे ते इंग्लंडात मँचेस्टरला अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. १८८३ साली त्यांचा प्रयोग छापून आला. पाण्याच्या टाकीत आडवी काचेची नळी ठेवून तिच्या तोंडाशी त्यांनी रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू असता रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवत नेला, तर एका ठिकाणी रेघ एकाएकी मोडली आणि रंग सगळ्या नळीत पसरला.

ही रेघ कधी मोडणार, हे तीन गोष्टींवर ठरते : वेग, नळीची रुंदी आणि पाण्याचा पातळपणा. त्यांवरून जो आकडा निघतो त्याला रेनल्ड्स अंक म्हणतात. साध्या पाण्यासाठी गुरुजींनी सोपी रीत सांगितली. सेकंदाला किती सेंटिमीटर वेग, गुणिले किती सेंटिमीटर रुंदी, गुणिले १००. नळीत हा अंक सुमारे २,००० च्या खाली असला, तर पाण्याला धक्का दिला तरी ते पुन्हा शांत होते. त्याच्या बरेच वर गेल्यावर लहानसा धक्काही वाढत जातो. अडीच सेंटिमीटरच्या नळीत सेकंदाला ८ सेंटिमीटर वेग झाला की २,००० भरतात, म्हणजे मुंगीपेक्षा थोडेच जलद! काकवी मात्र इतकी दाट असते, की गुऱ्हाळावर ती ओतताना कधी खळबळत नाही.

एक गंमत सांगते. रेनल्ड्सनी धक्का लागू न देता हा अंक सुमारे १३,००० पर्यंत नेला होता. पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांच्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तिथवर पोचता येईना. कारण काय, तर रस्त्यावरच्या मोटारींचे हादरे.

दिवाळीच्या सुट्टीत ओढा उतरल्यावर आम्ही मोजणी केली. काठाने १० मीटर दोरी धरली आणि पळसाचे पान सोडले. पानाला ८ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला १२५ सेंटिमीटर. खोली ४० सेंटिमीटर. नळीच्या रुंदीऐवजी खोली धरून गुणाकार केला तर ५,००,००० आले! आम्ही दोनदा करून पाहिला. वरून निवांत दिसणारा ओढाही आतून ढवळतच असतो. म्हणून तर पुराचे पाणी गढूळ. ढवळण्याने माती वर उचललेली राहते. तेच पाणी घागरीत ठेवा, माती तळाला बसते. माशांनाही याचा उपयोग आहे, कारण खळाळत्या पाण्यात हवा चांगली मिसळते.

आता चप्पल. फरशीवरून पडलेले पाणी तळाशी जोराने पुढे घुसते आणि वरच्या बाजूचे पाणी उलटे फरशीकडे वळते. असा आडवा भोवरा तयार होतो. त्यात सापडलेली वस्तू वर येते, मागे ओढली जाते, पडत्या पाण्याखाली दाबली जाते. शिवाय फेसात हवा भरलेली असल्याने तिथे माणूस नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही अडकतो. म्हणजे कंबरभर पाण्याचा दादाचा हिशेब चुकला होता आणि आजोबांचा बरोबर होता, रेनल्ड्सचे नाव न ऐकताही.

असे पाणी पुढच्या क्षणी नेमके कुठे वळेल, हे कागदावर पुरते मांडणे फार अवघड आहे. प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्यांतला एक मूळ प्रश्न सोडवणाऱ्यास अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. आमच्या वर्गातल्या दोघांनी पाटीवर सुरुवात केली आहे.

चप्पल तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खालच्या वाळूत सापडली. अंगठा तुटला होता. आईने तार घालून दिली.